ही खंयची गो?

पत्र (थोडक्यात) : वय ४७. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते, शाळेत चित्रकला शिकवते. गेली तीन वर्षं रात्री काजूच्या खोलीत बसून तैलरंगात स्त्रीदेह रंगवते. मोबाईलवर परदेशी मॉडेलांचे फोटो मिळतात, त्यावरून काढते. कातडीचा रंग मात्र आपला देते. बाई म्हणजे कोण, तिची वासना कशी असते, हे मला मांडायचंय. महिन्यापूर्वी घरात कळलं. मिस्टर म्हणाले, "पोरगी लग्नाची झाली आणि तू नागड्या बायका काढतेस?" जाऊ बोलायची बंद झाली. धाकट्याचं बाळंतपण ज्यांनी केलं त्या सासूबाईंनीही चित्र निरखून टोमणा मारला, "ही खंयची गो?" प्रदर्शन भरवू की सगळं बंद करू?

उत्तर : मिस्टरांवर तुम्ही दीड पान खर्च केलंय. त्यांचं शेवटी बघू. जाऊबाईंचं शेवटीही नको.

मी अडले ती सासूबाईंच्या वाक्यावर. टोमणा कसला, अहो? तीन वर्षांत तुमच्या चित्राला कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. म्हातारी बाई उघड्या देहासमोर उभी राहते, शी म्हणत नाही, तोंडाला पदर लावत नाही. निरखते आणि विचारते, ही कुठची? धाकट्याच्या वेळी याच बाईनं तुमच्या अंगाला तेल लावलं, शेकलं, न्हाऊ घातलं. तुमचं पोट, पाठ, मांड्या त्यांच्या हाताला पाठ आहेत. समोरची बाई त्यांना ओळखीची वाटली नाही, कारण ती तुम्ही नाहीच, पंचक्रोशीतली कुणीही नाही. कुठल्यातरी स्टुडिओतली पोरगी, वर बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, हात फिरवलेला.

तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. हात डोक्यामागे, मान कललेली, डोळे मिटलेले, चारही चित्रांत. ही बैठक समोर उभं राहून बघणाऱ्याच्या सोयीची. वासना बाईची मांडायची म्हणता आणि तिचे डोळेच मिटून टाकता? राग आला मला, खरं सांगते.

बैठक उसनी घेतली म्हणून काही बिघडत नाही. चित्रकार अमृता शेर-गिलनं १९३४ मध्ये पॅरिसला तेच केलं. फ्रेंच चित्रकार गोगँनं रंगवलेल्या ताहिती बेटावरच्या बायकांची चौकट तिनं उचलली आणि आत स्वतःला उभं केलं, एकविसाव्या वर्षी, कमरेवर उघडं. मागे पुरुषाची सावली पडली आहे आणि ही आपल्याच तंद्रीत भलतीकडे बघते आहे. चौकट दुसऱ्याची, पण आतली बाई कुठची हे विचारावं लागत नाही.

आता म्हणाल, ती एकवीस वर्षांची, माझ्यात काय राहिलंय काढण्यासारखं? फ्रेंच चित्रकार सुझान व्हॅलादों तरुणपणी रेनोआर या चित्रकारासमोर मॉडेल म्हणून बसायची. १९३१ मध्ये, साठी उलटल्यावर, तिनं उघड्या छातीनं स्वतःला रंगवलं. अमेरिकन चित्रकार ॲलिस नीलनं तर १९८० मध्ये, ऐंशीच्या घरात, पट्ट्यापट्ट्यांच्या खुर्चीत नागवं बसलेलं स्वतःलाच काढलं. अंगावर फक्त चष्मा, हातात ब्रश. तुम्ही तर अजून पन्नाशीच्याही अलीकडे आहात, बाई!

तेव्हा प्रदर्शन नको आणि बंदही नको. मोबाईल स्वयंपाकघरात ठेवायचा. आरशाचं लोखंडी कपाट काजूच्या खोलीत न्यायचं. रात्रीचा बल्ब विसरा. दोन कौलं काढून तिथे काचेची बसवून घ्या. पावसाळ्यात त्यातून एकसारखा, मऊ उजेड उतरतो, त्यासाठी शहरातले चित्रकार पैसे मोजतात. मग रविवारी दुपारी वैशाखात बसता तशा बसा. उकाड्यात, कुणी बघत नसताना, गार लादीवर पाय पसरून, परकर मांडीपर्यंत ओढून. त्या लादीचा गारवा अंगाला जसा लागतो तिथून सुरुवात करा. तुमचं सुख तिथे आहे, तर वासनाही तिथूनच सापडेल. पोटावरचे बाळंतपणाचे वळ झाकायचे नाहीत आणि डोळे उघडे हवेत. ओल्या हवेत रंग वाळायला वेळ लागेल, लागू दे. झालं की पहिलं सासूबाईंना दाखवा, दुसऱ्या कुणाला नाही.

राहिले मिस्टर. त्या खोलीला आतून कडी आहे का? नसेल तर सुताराला आजच सांगा, गणपती जवळ आले की तो कुणाच्या हाती लागत नाही.