प्रमाणपत्र मिळाले, पण खोल पाण्याची धास्ती जात नाही

"स्कुबा डायव्हिंगचे प्रमाणपत्र मिळाले आहे, पण आपण खरेखुरे डायव्हर झालो आहोत असे आतून वाटत नाही, आता पुढचा कोर्स लगेच करावा, की हा नादच सोडून द्यावा?" समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या छत्रपती संभाजीनगरात समुपदेशकाला असा प्रश्न ऐकावा लागेल, हे अनेकांना खरे वाटणार नाही. परंतु अंदमान, लक्षद्वीप, नेत्राणी किंवा आपल्या मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर सुट्टीत कोर्स करून आलेली माणसे आपल्याकडे आहेत, आणि त्यांची अडचण इतरांपेक्षा थोडी वेगळी आहे. किनाऱ्यावर राहणारा नवा डायव्हर पुढच्या रविवारी पुन्हा पाण्यात उतरतो. आपल्याकडच्या माणसाला दोन डाइव्हच्या मध्ये कित्येक महिने कोरडे काढावे लागतात आणि त्या काळात सराव वाढत नाही, वाढते ती फक्त चिंता.

ज्यांचा अनुभव येथे मांडत आहे ते जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात देखभाल विभागात अभियंता आहेत. त्यांच्या परवानगीने हे लिहीत असून त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाळिशी ओलांडलेले, जबाबदारीच्या कामाची सवय असलेले हे गृहस्थ माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांचे पहिलेच वाक्य असे होते, "मॅडम, पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर तीस मीटरची डाइव्ह ठरली आहे, तोपर्यंत माझी भीती तेवढी घालवून द्या."

त्यांनी अंदमानातील स्वराज द्वीप येथे ओपन वॉटर हा स्कुबाचा पहिला कोर्स पूर्ण केला होता. या पायरीवर १८ मीटरपर्यंत उतरण्याची मुभा मिळते आणि कोर्समध्ये समुद्रातल्या डाइव्ह चारच असतात. कोर्स त्यांना आवडला, प्रशिक्षकाने कौतुकही केले. त्यानंतर काही महिन्यांनी ते मित्रांसह कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर गेले आणि तेथे पाण्याखाली त्यांचा जीव घाबरा झाला. गाईडने त्यांना शांतपणे, योग्य गतीने वर आणले. कोणतीही इजा झाली नाही. मात्र तेव्हापासून झोपताना त्यांना मास्कमध्ये शिरणारे पाणी आठवू लागले आणि हळूहळू मनात असे पक्के बसले की प्रमाणपत्र कागदापुरते खरे, आपण मुळात भित्रे आहोत.

भीतीवर काम सुरू करण्यापूर्वी मी काही गोष्टी तपासून घेते आणि त्या टाळून पुढे जाणे मला मान्य नाही. अशी धडधड, गुदमरल्याची भावना जमिनीवरही येते का, बंद लिफ्टमध्ये किंवा गर्दीत येते का, छातीत दुखते का, रक्तदाब किंवा दमा आहे का, हे मी त्यांना विचारले. डायव्हिंगपूर्वी भरून द्यायच्या वैद्यकीय प्रश्नावलीत हृदय व फुप्फुसांच्या आजारांबरोबर मानसिक आरोग्याविषयीही प्रश्न असतात आणि ते औपचारिकता म्हणून विचारलेले नसतात. त्यांची उत्तरे नकारार्थी होती. तरीही एकदा फिजिशियनकडून तपासणी करून घ्यावी असे मी सुचवले आणि त्यांनी ती करून घेतली. जमिनीवरही असे झटके येत असते, तर डायव्हिंगचा विषय बाजूला ठेवून मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते.

त्यानंतर नेत्राणीची ती डाइव्ह आम्ही अगदी बारकाईने उलगडली. "मी घाबरलो" हे वाक्य मी त्यांना काही काळ बाजूला ठेवायला सांगितले आणि कारखान्यात यंत्र बंद पडल्यावर ते जसा घटनाक्रम लिहितात, तसाच या डाइव्हचा लिहायला सांगितला. जे समोर आले ते असे. भाड्याने घेतलेला मास्क चेहऱ्याला नीट बसत नव्हता. पाण्याखाली जाता यावे म्हणून कमरेला बांधायचे वजन जरा जास्तच बांधले गेले होते, त्यामुळे ते सारखे खाली जात आणि वर राहण्यासाठी बीसीडी या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरत. परिणामी पाय खाली आणि डोके वर अशा तिरक्या अवस्थेत त्यांना सतत पाय मारावे लागत होते. पुढे गेलेल्या गटाला गाठण्यासाठी त्यांनी वेग वाढवला, श्वास आखूड आणि जलद झाला, आणि नेमक्या त्याच वेळी मास्कमध्ये पाणी शिरले. हवेच्या मापकाकडे पाहिले तर सिलिंडर अपेक्षेपेक्षा बराच रिकामा झाला होता.

हा घटनाक्रम कागदावर आल्यावर त्यांच्या परवानगीने मी एका अनुभवी प्रशिक्षकांशी बोलले, कारण पाण्याखालच्या तंत्राविषयी अंदाजाने बोलणे समुपदेशकाला शोभत नाही. त्यांनी जे समजावले त्यातून या गृहस्थांच्या मनावरचे निम्मे ओझे उतरले. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १८ मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ पावणेतीन पट असतो आणि प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधून तेवढ्याच पटीने हवा खर्च होते. त्या दाबाखाली हवा दाटही होते. अशा वेळी माणूस दमून वरवरचे, जलद श्वास घेऊ लागला की कार्बन डायऑक्साइड पूर्णपणे बाहेर टाकला जात नाही, आणि शरीरात साठलेला हा वायूच "हवा पुरत नाही" अशी तीव्र भावना निर्माण करतो. सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारा रेग्युलेटर व्यवस्थित हवा देत असतो, तरीही गुदमरल्यासारखे वाटते. अशा वेळी हालचाल थांबवावी, जवळ आधार असेल तर धरावा आणि श्वास घेण्यापेक्षा तो लांबवून सोडण्याकडे लक्ष द्यावे. कोणत्याही परिस्थितीत श्वास रोखून वर येऊ नये, हे तर डायव्हिंगच्या पहिल्या धड्यातच शिकवतात.

या गृहस्थांना मी तेव्हा सांगितले आणि नव्या डायव्हरला आजही सांगते की, प्रमाणपत्रानंतर उरणारी भीती बहुधा खरे बोलत असते. कोणता सराव अपुरा आहे, हे ती सांगते. यांच्या बाबतीत मास्कमधील पाण्याची सवय, वजनाचा अंदाज, पाण्यात स्थिर राहण्याचे कौशल्य आणि गटाला "थांबा" म्हणण्याची तयारी, या चार गोष्टी कच्च्या होत्या. त्यांना भित्रेपणा हे नाव दिले की करण्यासारखे काही उरत नाही. सरावाची यादी म्हटले की काम सुरू होते.

त्यांचे मित्र त्यांना मनापासून धीर देत होते. "काही होत नाही, आम्ही आहोत ना," असे ते वारंवार म्हणत. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेल्या स्व-क्षमतेच्या सिद्धान्तानुसार "हे मला जमेल" हा विश्वास चार मार्गांनी येतो: स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्याने, इतरांनी दिलेल्या भरवशाने, आणि शरीराच्या अवस्थेचा आपण जो अर्थ लावतो त्याने. यात पहिला मार्ग सर्वांत बळकट आहे. मित्रांचा धीर तिसऱ्या मार्गाचा होता, आणि गरज पहिल्याची होती.

त्यांना हे पटण्यासाठी मी त्यांच्या लहानपणाविषयी विचारले. अंबड तालुक्यातील गावी, शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून ते पोहायला शिकले होते. भोपळा कधी सोडला, असे विचारल्यावर ते म्हणाले, "काका रोज काठावर बसून बघायचे. भोपळ्यावर भार पडत नाही असं दिसलं, तेव्हाच त्यांनी तो सोडला." त्या काकांनी पुतण्याला धाडसाचे व्याख्यान दिले नव्हते. त्यांनी अंगात उतरलेल्या कौशल्याची खात्री करून घेतली आणि मगच पुढची परवानगी दिली. तीस मीटरचा निर्णयही असाच व्हावा, हे त्यांनी स्वतःहून मान्य केले.

सराव जालन्यातच सुरू झाला. जीवरक्षक उपस्थित असलेल्या जलतरण तलावात, उथळ पाण्यात उभे राहून, मास्क न लावता फक्त स्नॉर्केलने, म्हणजे तोंडात धरायच्या नळीने, श्वास घेत चेहरा पाण्यात ठेवायचा, एवढाच पहिला अभ्यास होता. नाकाला पाणी लागत असताना तोंडाने शांतपणे श्वास घेता येतो, हे शरीराला पटावे लागते. बुद्धीला पटून उपयोग नसतो. पहिल्या दिवशी त्यांनी लगेच डोके वर काढले. काही आठवड्यांनी ते त्याच अवस्थेत निवांतपणे तलावाची रुंदी पार करू लागले. हा सराव एकट्याने, विहिरीत किंवा धरणात करायचा नाही, आणि श्वास रोखून किती वेळ राहता येते याची चढाओढ तर मुळीच करायची नाही, अशी सक्त ताकीद मी दिली होती. पाण्यात श्वास रोखून धरणारा पट्टीचा पोहणाराही कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध होऊ शकतो.

यापुढचा भाग मला सर्वांत अवघड गेला, कारण त्याचा संबंध पाण्याशी कमी आणि आपल्या समाजातल्या पुरुषाच्या घडणीशी अधिक होता. डायव्हिंगमध्ये असा सर्वमान्य नियम आहे की कोणताही डायव्हर, कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो. पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे "वर चला". त्यावर वाद घालायचा नसतो. हा संकेत त्यांना ठाऊक होता, तरीही नेत्राणीला त्यांनी तो फार उशिरा केला, कारण सहलीवर एवढा खर्च झाला होता, मित्र पुढे गेले होते आणि "आपल्यामुळे सगळ्यांची डाइव्ह वाया जाईल" हा विचार हात धरून ठेवत होता. आम्ही सत्रात हे बोलण्याचा प्रत्यक्ष सराव केला. "मी अंगठा दाखवला तर आपण वर यायचे; कारण काय, ते वर आल्यावर बोलू," हे वाक्य बोटीवर बसण्यापूर्वी मोठ्याने म्हणायचे, असे ठरले. ज्याला परत फिरण्याची मोकळीक आहे तोच निश्चिंतपणे पुढे जाऊ शकतो, असे मला माझ्या कामात वारंवार दिसले आहे.

तीस मीटरची सहल त्यांनी स्वतः फोन करून नाकारली. मित्र थोडे हिरमुसले आणि त्यांच्याशिवाय जाऊन आले.

तीस मीटरपर्यंत उतरण्याची वाट ज्यातून जाते त्या अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर कोर्सविषयी येथे थोडे सांगायला हवे, कारण त्याच्या नावामुळे गैरसमज होतो. हा कोर्स निष्णातांसाठी नसतो. ओपन वॉटरनंतर लगेचही तो करता येतो. त्यात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पाच निरनिराळ्या डाइव्ह असतात, आणि पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या पद्धतीत त्यांपैकी खोल डाइव्ह व दिशाशोधन या दोन आवश्यक, उरलेल्या तीन आपल्या पसंतीच्या असतात. एकट्याने चाचपडण्यापेक्षा प्रशिक्षकासोबत शिकणे चांगले, म्हणून काहींना तो लवकर करणे हितावह ठरते. पण मास्कमध्ये पाणी शिरताच ज्याचे भान सुटते, त्याने खोलीकडे आधी धाव घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून त्यांनी क्रम बदलला. समुद्राचा हंगाम सुरू झाल्यावर ते तारकर्लीला गेले. प्रमाणपत्राची मुदत संपत नसली तरी सहा महिन्यांहून अधिक खंड पडल्यास उजळणी करावी असे प्रशिक्षक सांगतात. त्यानुसार आधी त्यांनी तलावात उजळणी केली. तेथे वजनाची चाचणी झाली: बीसीडीतील हवा काढून, नेहमीएवढा श्वास घेऊन स्थिर राहिल्यास पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे आणि श्वास सोडल्यावर हलकेच खाली जावे. नेत्राणीला बांधलेल्या वजनापेक्षा बरेच कमी वजन त्यांना पुरले. त्यानंतर उथळ समुद्रात, एकाच सोबत्याबरोबर, त्यांनी फक्त स्थिर तरंगण्यावर लक्ष दिले. मासे पाहणे हा त्या डाइव्हचा हेतू नव्हता. हवा पूर्वीपेक्षा पुष्कळ वेळ टिकली. एका सकाळी पाणी गढूळ होते आणि ओढ जाणवत होती, तेव्हा उतरल्यावर थोड्याच वेळात त्यांनी अंगठा वर केला. सोबती काही न विचारता वर आला. त्यांनी मला फोनवर सर्वांत आधी सांगितली ती हीच गोष्ट, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच अपराधीपणा नव्हता.

या सहलीत आणखी एका ज्ञानाने त्यांना बळ दिले. सोबतच्यांचा बेत सकाळी दोन डाइव्ह करून दुपारीच आंबोलीमार्गे गावाकडे निघण्याचा होता. डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि तोवर उंचावरच्या कमी दाबात जाणे धोक्याचे असते. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, आणि हे मार्गदर्शन सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू होते. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. किनाऱ्यावरून घाट चढून पठारावर येणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट माहीत असलीच पाहिजे. त्यांनी ती शांतपणे मांडली, आणि सर्वांनी मुक्काम एक दिवस वाढवला. गटातला सर्वांत कच्चा समजला जाणारा माणूस त्या संध्याकाळी सर्वांच्या सुरक्षिततेचा विचार करत होता.

आता त्यांच्यासमोर रेस्क्यू डायव्हर कोर्सचे उद्दिष्ट आहे. दुसऱ्याची घाबरगुंडी ओळखायला आणि हाताळायला शिकवणारा हा कोर्स स्वतःच्या भीतीकडे पाहण्याची दृष्टीही देतो, म्हणून मला तो त्यांच्यासाठी खोलीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्याआधी साधारणपणे अॅडव्हान्स्डची पायरी आणि प्रथमोपचार व सीपीआरचे प्रशिक्षण लागते. पावसाळ्यात कोकणातले डायव्हिंग बंद असते. तेवढ्या काळात प्रथमोपचाराचे प्रशिक्षण त्यांनी जालन्यातच घ्यायचे ठरवले आहे आणि कारखान्यातील दोन सहकाऱ्यांनाही सोबत घेतले आहे. तलावातील सराव सुरू आहे. दिशाशोधनाची डाइव्ह ऑक्टोबरनंतर होईल, आणि खोल डाइव्ह कोणत्या दिवशी करायची हे ते त्या दिवशीचे पाणी पाहून, प्रशिक्षकाशी बोलून ठरवणार आहेत.