हृदय उजवीकडे आणि पेशीविभाजनाची जनुकं

ताई, नोकरीच्या मेडिकलमध्ये भावाचं हृदय उजवीकडे निघालं आणि ‘पेशीविभाजनाची जनुकंच डावं-उजवं ठरवतात’ असं वाचून तुम्ही धास्तावलात. विभाजन म्हटलं की आपल्याला कॅन्सरच आठवतो. इथे तो विषय नाही.

नाशिकमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना मी वर्गात शंख न्यायचो. पंचवटीत पूजासाहित्याच्या दुकानात बघा: टोक वर, तोंड आपल्याकडे धरलं की जवळजवळ सगळ्या शंखांचं तोंड उजवीकडे येतं. जादा पैसे मोजून घेतात त्या दक्षिणावर्तीचं मात्र असं धरल्यावर डावीकडे. हा पीळ फार लवकर पडतो. लिम्निया या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत चार पेशींच्या आठ होतानाच वरच्या चार पेशी एका अंगाला वळून बसतात. 2019 मध्ये जपानी संशोधकांनी पेशीचा सांगाडा रचणारं एकच जनुक बंद पाडलं, तर उजव्या वळणाच्या जातीत डाव्या वळणाची पिल्लं निघाली.

आपल्यात रीत वेगळी. गर्भ तीनेक आठवड्यांचा असताना मध्यरेषेवरच्या एका खळग्यात केसांसारखे सिलिया गोल फिरतात, द्रव डावीकडे ढकलला जातो आणि त्या बाजूचं, ‘ही डावी बाजू’ अशी खूण करणारं नोडल जनुक जागं होतं. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे. आता विभाजनाचा धागा: पेशी दुभंगताना दोन टोकांना बसणारा सेंट्रिओलच विभाजन थांबल्यावर पृष्ठभागाशी जाऊन सिलियाचं मूळ होतो. दोन्ही कामं एकाच वेळी होत नाहीत. पेशी योग्य वेळी विभागायची थांबली नाही, तर सिलिया नीट उगवत नाहीत. ‘हृदय डावीकडे’ असा हुकूम पेशीविभाजनाच्या जनुकांत कुठेही लिहिलेला नसतो.

प्रवाहच नसेल तर बाजू नशिबावर पडते. म्हणून तर जन्मतः सिलिया नीट न हलणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचेच अवयव उलटे असतात.

भावाला विचारा: लहानपणापासून नाक चोंदलेलं, कफ, कान फुटणं? असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा, कारण श्वासनलिकेतही सिलियाच असतात. टू-डी इको आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्याच. सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलटे असतील (साधारण दहा हजारांत एक), तर बहुतेक माणसं ठणठणीत जगतात. काही उलटे, काही सुलटे असतील तर मात्र हृदयरोगतज्ज्ञाकडे जायला उशीर नको.

आणि पाकिटात चिठ्ठी ठेवायला सांगा. अवयव उलटे असले तर त्याचं अपेंडिक्स डावीकडे दुखेल, आणि रात्री दोनला कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला ते कोण सांगणार?