प्रश्न तुमचे : चोवीस फुटांचं चित्र आणि रडणारी पृथ्वी

प्रश्न : मी सांगलीत शाळेत चित्रकला शिकवते. दरवर्षी पर्यावरण दिनाला स्पर्धा असते आणि दरवर्षी तीच चित्रं येतात, पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर, रडणारं झाड, बाजूला कुऱ्हाड. मुलांचा दोष नाही, आम्हीच त्यांना तेवढं दाखवलंय. हा विषय कोणी नीट अभ्यास करून, खूप मोठ्या आकारात रंगवलाय का? आणि एवढं मोठं काढून साधतं काय?
– एक कलाशिक्षिका

उत्तर : ताई, रंगवलाय, आणि तुमचा प्रश्न वाचल्यावर मला पहिलं नाव आठवलं ते न्यूयॉर्कच्या अलेक्सिस रॉकमन यांचं. त्यांचं 'मॅनिफेस्ट डेस्टिनी' हे चित्र ८ फूट उंच आणि २४ फूट लांब आहे, २००४ मध्ये ते न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागातल्या ब्रुकलिन म्युझियममध्ये लागलं. त्यात ब्रुकलिनच आहे, पण ३००० वर्षांनंतरचं, समुद्र चढलाय, ब्रुकलिन ब्रिज मोडून पडलाय, आभाळ नारिंगी, आणि माणूस एकही नाही. पाण्याची पातळी किती दाखवायची, कुठली इमारत कशी ढासळेल, हे त्यांनी मनानं ठरवलं नाही, हवामानशास्त्रज्ञ आणि आर्किटेक्ट लोकांना विचारून ठरवलं आणि या सगळ्या तयारीत काही वर्षं गेली.

पण तुमच्या कामाला मला त्यांची 'ग्रेट लेक्स सायकल' ही चित्रमालिका जास्त उपयोगी वाटते. अमेरिका आणि कॅनडाच्या मधली ती पाच सरोवरं म्हणजे पृथ्वीवरच्या उघड्या गोड्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा. त्यावर प्रत्येकी ६ बाय १२ फुटांची पाच चित्रं, २०१८ मध्ये मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्स आर्ट म्युझियममध्ये पहिल्यांदा दाखवली. जहाजं तोल सांभाळायला पोटात पाणी भरून घेतात आणि बंदरात ते सोडतात, त्या पाण्यातून झेब्रा शिंपला तिकडे पोचला, १९८८ मध्ये सापडला आणि मग पाइपांच्या तोंडाशी थर बसायला लागले, पाण्यातलं बारीक खाद्य तो गाळून खातो म्हणून माशांची उपासमार. आता हे पोस्टरवर कसं दाखवणार? पोस्टरला एक वाक्य पुरतं, इथे कारणांची साखळी आहे. 'पायोनियर्स' नावाच्या चित्रात हिमयुगापासून ते परक्या प्राण्यांपर्यंतचा प्रवास एकाच पाण्यात दिसतो. मोठा आकार लागतो तो यासाठी, बघणारा चालत चालत चित्र बघतो आणि चालता चालता काळ सरकतो. शिवाय चित्र आधी सुंदर दिसतं, माणूस जवळ जातो आणि मग पाण्याखाली काय चाललंय ते दिसतं. रडणाऱ्या झाडाजवळ कोणी जात नाही, लांबूनच कळतं.

तुमच्याकडे तर कृष्णा आहे. आयर्विन पुलावर पाणी किती फुटांवर आलं हे सांगलीतल्या पोरांना पाढ्यासारखं माहीत असतं. वर्गाच्या भिंतीवर सलग कागद चिकटवा, एका टोकाला आजी-आजोबांनी पाहिलेली नदी, मधे २००५, २०१९, २०२१ चे पूर, जलपर्णी, चिलापी मासा, नाल्याचं तोंड, आणि पुढचं टोक मुलांवर सोडा. आधी आठवडाभर फक्त विचारत फिरायचं, नावाड्याला, मासे धरणाऱ्यांना, विज्ञानाच्या बाईंना. रॉकमन यांनी सरोवराकाठची वाळू-माती गोळा करून तीच वापरून कागदावर प्राण्यांची चित्रं केली आहेत, तेही करून बघा. नदीकाठची माती वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवली की कागदाला छान धरते.

प्रश्न : असल्या भव्य चित्रांनी खरंच काही बदलतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कधीकधी बदलतं, पण आकारामुळेच असं नाही. टॉमस मोरान हे चित्रकार १८७१ मध्ये सर्व्हेच्या टीमबरोबर अमेरिकेतल्या यलोस्टोनला गेले. त्यांची जलरंगातली छोटी चित्रं आणि विल्यम जॅक्सन यांचे फोटो अमेरिकन काँग्रेसच्या लोकांना दाखवले गेले, आणि १ मार्च १८७२ ला यलोस्टोन नॅशनल पार्क झाला. मोरान यांचं ते प्रसिद्ध, सुमारे ७ बाय १२ फुटांचं दरीचं चित्र काँग्रेसनं १०,००० डॉलरला विकत घेतलं, पण ते पूर्ण झालं पार्कच्या कायद्यावर सही झाल्यानंतर.