ब्रिटनमध्ये उड्यांच्या शर्यतीतल्या साध्या, नाव नसलेल्या जॉकीचं पोट भरतं का?

भरतं, पण जेमतेम. आणि गंमत अशी की त्याची खरी ओढाताण जिंकायला लागल्यावर सुरू होते.

आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याला दिसते ती सपाट शर्यत. इथे हिवाळाभर घोडे कुंपणांवरून उड्या मारत दोन मैल आणि त्याहून जास्त पळतात. नवख्या जॉकीला 'कंडिशनल' म्हणतात. तो बसला की घोड्याला पाठीवर वाहायच्या ठरलेल्या वजनात सूट मिळते: 20 विजयांपर्यंत 7 पौंड, 40 पर्यंत 5, 75 पर्यंत 3. ट्रेनर बोलावतो तो बऱ्याचदा या सुटीसाठी. पंचाहत्तरी गाठली की सूट गेली, आणि कालपर्यंत फोन करणारे ट्रेनर दुसरं सात पौंडवालं पोर शोधायला लागतात. तेवढ्याच वजनात एखादा मोठा जॉकी मिळत असेल तर याला कोण विचारणार?

पगार नाही. एका सवारीचे दोनशे पौंडांच्या आसपास मिळतात. त्यातून एजंटचा वाटा, व्हॅलेचे (जॉकीचे कपडे-खोगीर सांभाळणाऱ्याचे) पैसे, पेट्रोल. नैऋत्येतल्या सॉमरसेटहून एकाच घोड्यासाठी पार उत्तरेला हेक्सहॅमला गेलं तर हातात काय राहतं, तुम्हीच हिशेब करा. सकाळी तबेल्यात घोड्यांना उड्यांचा सराव द्यायचा, तो बहुतेकदा फुकटच, पुढे त्यांच्यावर बसायला मिळेल या आशेवर.

पडणं धरूनच चालायचं. हाड मोडलं तर विम्याचे पैसे मिळतात, पण बरा होऊन येईपर्यंत त्याच्या घोड्यावर दुसरा कुणीतरी जिंकलेला असतो. टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरेल हे जॉकी कायमचे जायबंदी झाले तेव्हा, 1964 मध्ये, जखमी जॉकींसाठी फंड उभा राहिला. आज लॅम्बोर्न, माल्टन आणि न्यूमार्केटला त्याची उपचार केंद्रं आहेत.

लडलोच्या रेसकोर्सवर मी हिवाळ्यात जातो. शर्यत संपली की कठड्यापाशी उभं राहा. चिखलाने माखलेला जॉकी खोगीर सोडवत ट्रेनरला दोन वाक्यांत घोड्याचं गाऱ्हाणं सांगतो, मालकिणीला हसून दाखवतो आणि पुढच्या शर्यतीतल्या मालकाच्या रंगांचा सदरा चढवायला पळतो. सातवा आलेला असला तरी हसणं चुकत नाही, कारण पुढची सवारी तिच्याच हातात.

नशीब फळफळलं तरी किती? जॉन बकिंगहॅमचं बघा. 1967 ची ग्रँड नॅशनल, म्हणजे उड्यांची सगळ्यात प्रसिद्ध शर्यत, घोडा फॉइनाव्हॉन, सट्ट्याचा भाव 100 ला 1. तेविसाव्या कुंपणापाशी पुढचे घोडे एकमेकांवर आदळून खोळंबले. हा बराच मागे होता म्हणूनच याला फट सापडली, आणि जिंकला. एवढं होऊनही तो मोठ्या जॉकींच्या रांगेत गेला नाही. 1971 मध्ये निवृत्त होऊन व्हॅले झाला: इतरांच्या विजारी धुवायच्या, बूट चमकवायचे, खोगिरात शिशाची वजनं भरायची. मला विचाराल तर या धंद्यातली सगळ्यात खात्रीची कमाई त्याने निवडली. घोडा जिंको नाहीतर पडो, व्हॅलेचे पैसे द्यावेच लागतात.