इंग्रजी कादंबऱ्या इतक्या जाड का?

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सामाजिक आणि ऐतिहासिक पार्श्वभूमीचा एक पेपर आहे आणि ती रात्री जागून १८३४ चा कायदा, १८७० चा कायदा असं पाठ करत बसते. मी मराठी कादंबऱ्या भरपूर वाचते, मला कधी सनावळी लागली नाही. मग तिला कशाला? आणि तिच्या टेबलावरची ती एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं इतकी जाडजूड का असतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

तेव्हा इंग्लंडमध्ये नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघायची आणि तिची किंमत असायची साडेएकतीस शिलिंग. १८२१ मध्ये वॉल्टर स्कॉट या लेखकाच्या 'केनिलवर्थ' कादंबरीला ही किंमत लागली आणि ती पुढं सत्तर वर्षं टिकली. शतकाच्या मध्याला शेतमजुराला आठवड्याला दहा शिलिंगांच्या आसपास मिळत. म्हणजे एका कादंबरीला तीन आठवड्यांची मजुरी! विकत कोण घेणार? लोक वाचनालयात जात. चार्ल्स मुडी यानं १८४२ मध्ये लंडनला वाचनालय काढलं. वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, आणि एका वेळी एकच खंड घरी नेता यायचा. कादंबरीचे तीन खंड असले की ती एकाच वेळी तीन घरांत फिरायची. मुडी शेकड्यांनी प्रती उचलायचा, म्हणून प्रकाशकालाही तीनच खंड हवे असत आणि लेखकाला ते भरावे लागत. नायिकेचं लग्न दुसऱ्या खंडात ठरतं आणि तिसऱ्यात मोडतं, त्यामागं पुष्कळदा हा हिशेब असतो. १८९४ मध्ये मुडी आणि स्मिथ या दोन मोठ्या वाचनालयांनी एका खंडाला चार शिलिंगांहून जास्त देणार नाही असं कळवलं आणि तीनचार वर्षांत तीन खंडी कादंबरी जवळजवळ संपली.

दुसरी वाट हप्त्यांची. चार्ल्स डिकन्सची 'पिकविक' ही कादंबरी १८३६ पासून दर महिन्याला एका शिलिंगाला निघू लागली. चौथ्या हप्त्यात सॅम वेलर हा नोकर आला, खप चढत गेला आणि शेवटी चाळीस हजारांच्या घरात पोचला. साडेएकतीस शिलिंग एकदम काढू न शकणारा कारकून महिन्याला एक शिलिंग काढू शकत होता. तुम्ही मराठी वाचता म्हणून सांगते, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' अशीच 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आली. यमूचं पुढं काय होणार म्हणून वाचणाऱ्याला आठवडाभर थांबावं लागे. ते थांबणं त्या कादंबरीच्या बांधणीतच आहे.

आता १८३४. त्या वर्षीच्या गरिबांच्या कायद्यानं ठरवलं की ज्याला सरकारी मदत हवी त्यानं अनाथ-दरिद्री गृहात जावं, आणि तिथली स्थिती बाहेरच्या सगळ्यांत गरीब मजुराहूनही वाईट असावी, म्हणजे माणसं उगाच येणार नाहीत. नवराबायकोला वेगळं ठेवत. तीन वर्षांनी डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' छापून येऊ लागली. ऑलिव्हर वाडगा पुढं करून आणखी थोडी पेज मागतो, एवढाच तो प्रसंग. कायदा माहीत नसेल तर आपल्याला फक्त एक भुकेलं पोर दिसतं. माहीत असेल तर कळतं की पेज मोजून कमी देणं हा तिथला नियमच होता आणि पोरानं त्या नियमालाच हात घातला. वाढपी का हादरतो, ते तेव्हा उमगतं.

यात एक गोष्ट मला माझ्या विद्यार्थ्यानं शिकवली. डिकन्सचे वडील १८२४ मध्ये एका पाववाल्याचे चाळीस पौंड फेडता आले नाहीत म्हणून मार्शलसीच्या कर्जदारांच्या तुरुंगात गेले. बारा वर्षांचा चार्ल्स आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर बुटांच्या पॉलिशच्या डब्यांना लेबलं चिकटवत होता. मी हे वर्गात सांगत होते. मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, माणसाला कोंडून ठेवल्यावर तो फेडणार कसं?" मी उत्तर शोधेपर्यंत तोच म्हणाला, "आमच्याकडं उचल घेतली की आई, बाप, पोरं सगळी फडावर जातात, फिटेपर्यंत." त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. त्याच तुरुंगावरची डिकन्सची 'लिटल डॉरिट' मी तोवर दोनदा शिकवली होती, पण तुरुंगात बापासोबत राहणारं कुटुंब मला त्या दिवशी नीट दिसलं. तुमच्या मुलीला सांगा, सन आणि कायदा वेगळ्या वहीत लिहू नकोस. ज्या पानावर तो लागतो त्याच पानाच्या समासात पेन्सिलीनं लिही.

आणखी एक मला फार आवडणारं उदाहरण. थॉमस हार्डीच्या 'टेस' कादंबरीत पाणी साचलेल्या वाटेवरून एंजल हा तरुण चार गवळणींना एकेक करून उचलून पलीकडं नेतो. १८९१ मध्ये 'ग्राफिक' साप्ताहिकात मात्र त्याला त्यांना एकचाकी ढकलगाडीत बसवून न्यावं लागलं, कारण ते साप्ताहिक घराघरांत वाचलं जाई आणि पुरुषानं बायकांना असं उचलणं तिथं चालणार नव्हतं. पुस्तक काढताना हार्डीनं गाडी काढून टाकली.

प्रश्न : ब्राँटे बहिणींनी पुरुषी वाटणारी नावं का घेतली? बायकांनी लिहिलेलं चालत नव्हतं का?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : चालत होतं, पण बाईचं पुस्तक म्हटलं की समीक्षकांची मोजपट्टी बदलायची. त्या बहिणींतल्या शार्लटनं आपल्या कविता राजकवी रॉबर्ट साउदी यांना पाठवल्या, तेव्हा १८३७ मध्ये त्यांनी कळवलं की साहित्य हे बाईच्या आयुष्याचं काम होऊ शकत नाही. दहा वर्षांनी करर बेल या नावानं 'जेन एअर' आली. इंग्रजीतली आद्याक्षरं, सी. बी., तिनं स्वतःचीच ठेवली होती.

पैशांचंही बघ. १८७० च्या कायद्याआधी विवाहित बाईची कमाई कायद्यानं नवऱ्याची असे. एलिझाबेथ गॅस्केल या लेखिकेला एका कथेचे वीस पौंड मिळाले, तेव्हा तिनं मैत्रिणीला पत्रात लिहिलं की नवऱ्यानं ते शांतपणे खिशात घालून वर बटण लावलं.