०-२ ने मागे पडलेल्या मँचेस्टर सिटीने ॲस्टन व्हिलाविरुद्ध सामना कसा फिरवला? गार्डिओलाने नक्की काय बदललं?

तुम्ही २२ मे २०२२ च्या सामन्याचे हायलाइट्स पाहून विचारलंय की ०-२ झाल्यावर सिटीचा कोच गार्डिओलाने असे कोणते बदल केले, की सिटीने पाच-सहा मिनिटांत तीन गोल ठोकले. आणि तुमचा मित्र म्हणतो की डावपेच वगैरे काही नव्हतं, व्हिलावाले दमले आणि सिटीचं नशीब फळफळलं.

आधी तुमच्या भागाचं सांगतो. ०-२ झाल्यावर गार्डिओलाने एकही खेळाडू बदलला नाही. बदलूच शकत नव्हता. त्या मोसमात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सामन्यात तीनच बदली खेळाडू चालायचे, पाचाचा नियम पुढच्या मोसमापासून आला. सिटीचा पहिला बदल मध्यंतराला, दुसरा ५६व्या मिनिटाला आणि तिसरा ६८व्या मिनिटाला झाला. कुटिन्योने व्हिलाचा दुसरा गोल केला ६९व्या मिनिटाला. म्हणजे तो तिसरा बदली खेळाडू, गुंडोगान, मैदानात उतरला तेव्हा फळ्यावर ०-१ होतं, आणि तो उतरून जेमतेम मिनिट होतंय तोवर ०-२ झालं. हायलाइट्समध्ये हा क्रम कळत नाही, कारण तिथे गोलामागून गोल दाखवतात. आपल्याला वाटतं, संकट आलं आणि मग साहेबांनी हुकमाचा पत्ता काढला. प्रत्यक्षात सगळे पत्ते आधीच टाकून झाले होते.

त्यामुळे पाहायचं ते ४६ ते ६८ या मिनिटांत काय घडलं, आणि त्याआधी पहिल्या हाफमध्ये काय बिघडलं होतं.

सिटीची बचावफळी तेव्हा दुखापतींनी खिळखिळी झाली होती. मधे लापोर्तच्या जोडीला फर्नांडिन्यो. मूळचा मिडफील्डर, वय ३७, आणि हा त्याचा सिटीसाठी शेवटचा सामना. राइट बॅकला, म्हणजे बचावाच्या उजव्या कडेला, जॉन स्टोन्स, जो खरा सेंटर बॅक, मधला बचावपटू. लेफ्ट बॅकला जोआव कान्सेलो, जो उजव्या पायाचा. आता त्या उजव्या बाजूकडे बघा. पुढे रियाद महारेझ, तो डावऱ्या पायाचा. महारेझला बॉल मिळाला की तो आत वळणार, हे आख्ख्या इंग्लंडला पाठ होतं. असा विंगर, म्हणजे कडेचा हल्लेखोर, आत वळतो तेव्हा त्याच्या बाहेरून राइट बॅकने सुसाट पळत जायचं असतं, म्हणजे समोरच्या डिफेंडरला दोघांपैकी एकालाच अडवता येतं. स्टोन्स चांगला खेळाडू आहे, पण कडेकडेने पन्नास मीटर पळून क्रॉस टाकणं हे त्याचं काम नव्हे. डावीकडे तीच रड. कान्सेलो उजव्या पायावर बॉल घ्यायला आत येणार. फिल फोडन डावरा खरा, पण त्याची ओढही व्हिलाच्या डिफेन्स आणि मिडफील्ड या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेकडे.

परिणाम काय? सगळे आत. आणि आत कोण उभं होतं, तर कोच जेरार्डची व्हिला, जिला आवळून, मधली जागा बंद करून खेळायची सवयच होती. सकाळी नऊ वाजता दादरच्या पुलावर सगळे एकाच जिन्याने उतरायला लागले की जे होतं, ते तिथे चाललं होतं. बॉल सिटीकडे, पास सिटीचे, आणि पुढे सरकत काहीच नाही.

गंमत म्हणजे त्या हाफमध्ये मैदानाची रुंदी वापरली ती व्हिलाने. ३७व्या मिनिटाला त्यांचा लेफ्ट बॅक दीनेने डावीकडून क्रॉस टाकला आणि त्यांचाच राइट बॅक मॅटी कॅश दुसऱ्या खांबाशी कान्सेलोच्या पुढे घुसून हेडर मारून गेला. या कडेचा बॅक क्रॉस टाकतोय आणि त्या कडेचा बॅक गोल करतोय, हे सिटीनेच करायचं काम होतं.

मध्यंतराला फर्नांडिन्यो बाहेर, ओलेक्झांडर झिंचेन्को आत. बदल एकाचा दिसतो, पण जागा तिघांच्या बदलल्या. झिंचेन्को लेफ्ट बॅकला गेला, कान्सेलो तिथून उजवीकडे आला आणि स्टोन्स राइट बॅकवरून मधे, लापोर्तशेजारी. आता प्रत्येक जण आपापल्या जागी, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक कडेला त्या बाजूच्या पायाचा माणूस. झिंचेन्को डावरा, डावीकडे. कान्सेलो उजवा, उजवीकडे. पुढे ५६व्या मिनिटाला महारेझच्या जागी रहीम स्टर्लिंग आला, तोही उजव्या पायाचा. एक आठवड्यापूर्वी वेस्ट हॅमविरुद्ध २-२ चालू असताना महारेझची पेनल्टी अडवली गेली होती, म्हणून त्याला काढलं असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. तसं असतं तर तो सुरुवातीच्या अकरांत कशाला असता? त्याला काढलं कारण बाहेरून जाणारा माणूस हवा होता.

विंगर आत वळवायची फॅशन गेली पंधरा वर्षं जोरात आहे आणि तिचे फायदे आहेतच, मेस्सी आणि रॉबेनने जगाला दाखवलेत. पण समोरच्या टीमने मधे भिंत घातली असेल तर जुन्या पद्धतीचा, कडेने पळत जाऊन एंड लाइनपाशी, म्हणजे गोलच्या बाजूच्या शेवटच्या रेषेपाशी, पोचणारा गडी जास्त कामाचा ठरतो. त्याचं कारण डिफेंडरच्या मानेत आहे. बॉल समोर असतो तेव्हा डिफेंडरला बॉल आणि आपला माणूस दोन्ही एका नजरेत दिसतात. बॉल एंड लाइनपाशी गेला की त्याला आपल्याच गोलकडे तोंड करावं लागतं. मग एक तर बॉल बघा, नाहीतर पाठीमागून येणारा माणूस बघा. दोन्ही जमत नाही.

आणि तो पाठीमागून येणारा माणूस म्हणजे इल्काय गुंडोगान. ६८व्या मिनिटाला तो बर्नार्डो सिल्व्हाच्या जागी आला. दोघे एकाच जागेचे खेळाडू, पण स्वभाव उलटे. बर्नार्डोला बॉल पायाशी लागतो, तो बॉलकडे चालत येतो. गुंडोगान बॉलपासून लांब जातो, सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे असताना बॉक्समध्ये उगवतो. २०२०-२१ मध्ये सिटी बरेच सामने स्ट्रायकरशिवाय खेळली तेव्हा लीगमध्ये त्यांचा सर्वाधिक गोल करणारा हाच होता, १३ गोल. मिडफील्डर असून.

मग ६९व्या मिनिटाचा तो गोल. गोलकीपर ओल्सेनने लांब किक मारली, वॉटकिन्सने डोक्याने पुढे ढकलली, कुटिन्योने एका टचमध्ये लापोर्तला चकवलं आणि बॉल जाळ्यात. दोन्ही बॅक चढवून, डिफेन्स वर नेऊन खेळायची ही किंमत असते आणि ती सिटीने चुकवली. मला वाटतं इथेच बहुतेक कोच गडबडतात. गार्डिओलाकडे गडबडायला बदलच शिल्लक नव्हते, हे एका परीने बरंच झालं. टीमने मांडणी सोडली नाही.

आता तीन गोल एकेक करून बघा.

७६वं मिनिट. उजवीकडून स्टर्लिंग एंड लाइनच्या दिशेने जातो, उजव्या पायाने दुसऱ्या खांबाकडे बॉल उचलतो. व्हिलाचे सगळे डिफेंडर बॉलकडे बघतायत. गुंडोगान मागून येतो, हेडर, गोल.

७८वं. डावीकडून झिंचेन्को बॉक्समध्ये शिरतो आणि बॉल मागे, बॉक्सच्या कडेला सोडतो. तिथे रोद्री एकटा. त्याने जोर लावलाच नाही, पायाच्या आतल्या बाजूने ढकलून खालच्या कोपऱ्यात ठेवला. एवढा दबाव असताना नव्वद टक्के खेळाडूंनी तो बॉल स्टँडमध्ये पाठवला असता. तो एकटा का होता तर या कट-बॅकच्या, म्हणजे बॉल मागे सोडण्याच्या, वेळी व्हिलाची आख्खी ओळ पळत सहा यार्डांच्या बॉक्सपर्यंत मागे गेली होती, त्यामुळे पुढची जागा उघडी पडली. पुन्हा तेच, कडेने आत शिरलेला माणूस.

८१वं. केव्हिन डी ब्रॉयना उजवीकडे बॉल हिसकावतो, दोन पावलं पुढे जातो आणि गोलच्या तोंडासमोरून जमिनीलगत क्रॉस मारतो. दुसऱ्या खांबाशी गुंडोगान, आणि आजूबाजूला कोणी नाही. नुसता पाय लावायचा होता.

तीन गोल. तिन्ही वेळा बॉल कडेने गेला. उजवीकडून दोन, डावीकडून एक, आणि तिन्ही वेळा देणारा त्या बाजूच्याच पायाचा. तिन्ही पासांपैकी दोन मध्यंतरानंतर आलेल्या खेळाडूंचे, तिनांपैकी दोन गोल मध्यंतरानंतर आलेल्या खेळाडूचे. पहिल्या गोलापासून तिसऱ्यापर्यंत साडेपाच मिनिटांच्या आसपास. याला निव्वळ नशीब म्हणणं मला जड जातं.

ड्रेसिंग रूममधल्या भाषणांवर माझा फारसा विश्वास नाही. आरडाओरडा करून टीम पेटते म्हणतात, पण तसं असतं तर गोल ५०व्या मिनिटालाच पडले असते. सिटीचा खेळ सुधारला तो मध्यंतरानंतर लगेच, आणि फळ मिळालं अर्ध्या तासाने. मधल्या काळात स्कोअर उलट बिघडला. ‘दुसऱ्या हाफमध्ये टीम सुधारली’ असं आपण गोल पडल्यावर म्हणतो.

जाता जाता एक. ०-२ असतानाही सिटी गुणतक्त्यात वरच होती. हा मोसमाचा शेवटचा दिवस होता आणि विजेतेपदासाठी सिटी आणि लिव्हरपूल यांच्यात चुरस होती; सामन्याआधी सिटी ९० गुण, लिव्हरपूल ८९. लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डला, तेव्हा वुल्व्ह्जविरुद्ध १-१ चालू होतं, म्हणजे दोघांचे ९०, आणि गोलफरक सिटीचा सरस. सलाहने लिव्हरपूलचा दुसरा गोल केला ८४व्या मिनिटाला, तोवर इकडे ३-२ झालं होतं. शेवटी ९३ आणि ९२. व्हिलाचा कोच जेरार्ड, म्हणजे लिव्हरपूलचा जुना कप्तान, ज्याला स्वतःला खेळाडू म्हणून लीग कधी जिंकता आली नाही, आणि दुसरा गोल केला कुटिन्योने, तोही लिव्हरपूलचा माजी. एवढं सगळं जुळून येऊन लिव्हरपूलचा एक गुण कमी पडला.

आपल्याकडचं एक उदाहरण द्यायचं तर ४ मे २०२४ ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल. मुंबई सिटी एफसीचे तेव्हाचे मुख्य मालक मँचेस्टर सिटीचेच, सिटी फुटबॉल ग्रुप. कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानने ४४व्या मिनिटाला आघाडी घेतली. ५३व्याला पेरेरा डियाझने बरोबरी साधली, ८१व्याला बिपिन सिंगने गोल केला, भरपाई वेळेत याकुब वोइतुसने तिसरा. शेवटचे दोघे बेंचवरून आलेले. ती नॉकआउट मॅच होती, लीगची नाही, आणि तिथली कारणं वेगळी, पण मुंबईकरांना हा प्रकार परका नाही.

आता तुमच्या मित्राचं. व्हिला दमली होती का? हो, दमली होती. गुरुवारी, १९ तारखेला, ते बर्नलीशी १-१ खेळले होते आणि रविवारी हा सामना. सिटीचा आधीचा सामना १५ तारखेचा, म्हणजे त्यांना जवळजवळ आठवडाभर विश्रांती. हा फरक शेवटच्या वीस मिनिटांत पायात उतरतोच. पण दमलेल्या टीमच्याही भिंतीवर तुम्ही मधूनच धडका देत बसलात तर ती भिंत टिकते, कारण तिथे पळावं लागत नाही, नुसतं उभं राहावं लागतं. त्यांना एका कडेकडून दुसऱ्या कडेला पळायला लावलं तेव्हा दमणं दिसलं. म्हणजे मित्र म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. त्याला म्हणावं, पूर्ण सामन्याचं रेकॉर्डिंग मिळालं तर गोल सोडून दे आणि ४६ ते ६८ एवढंच बघ, आणि बॉलकडे न बघता झिंचेन्को आणि कान्सेलो कुठे उभे आहेत तेवढं बघ.