संग्रह विकायचा की ठेवायचा? आधी डीलरला तीन भाव विचारा

प्रश्न : मी मिरजेत राहतो, येत्या मार्चमध्ये निवृत्त होतोय. नंतर आम्ही दोघं पुण्यात मुलाच्या घराजवळ लहान फ्लॅटमध्ये राहायला जाणार. माझ्याकडे शास्त्रीय संगीताच्या ६४० एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड), वडिलांच्या २१० जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या, चारशेच्या आसपास विकतच्या कॅसेट आणि मैफलींत मी स्वतः रेकॉर्ड केलेल्या ३५ कॅसेट आहेत. मुंबईचा एक डीलर सगळ्याचे मिळून ३ लाख २५ हजार रोख द्यायला तयार आहे, पंधरा दिवसांत उत्तर मागतोय. मुलगा म्हणतो, विकून टाका, हल्ली सगळं स्ट्रीमिंगवर मिळतं. मला वाटतं, ठेवावं आणि १ लाख ८० हजारांचा चांगला टर्नटेबल-अॅम्प्लिफायर घ्यावा. रेकॉर्डचे भाव वाढतायत, म्हणजे ही गुंतवणूकच झाली ना? पेन्शन महिना ३८ हजार, खर्च ४५ हजार, निवृत्तीनंतर हातात ४६ लाख असतील. घरात जुना टर्नटेबल आहे, पण तबकड्या २००३ नंतर वाजल्या नाहीत. माझ्या ३५ कॅसेटपैकी काही १९८०च्या दशकातल्या आहेत; त्या डिजिटल करून द्यायला सांगलीचा स्टुडिओ कॅसेटमागे ३५० रुपये सांगतोय. एलपींचंही डिजिटायझेशन करावं का?

उत्तर : मिरजकर (नाव छापू नका म्हणालात, म्हणून गावावरून हाक मारते), आकड्यांचा भाग आधी उरकून घेऊ, तो लहान आहे.

पेन्शन आणि खर्चात महिन्याला ७ हजारांची तूट, म्हणजे वर्षाला ८४ हजार. ४६ लाखांवर ७ टक्के धरले तरी वर्षाचं व्याज ३ लाख २२ हजार होतं. महागाई आणि आजारपण धरूनही तुमची बाजू भक्कम आहे. डीलरचे सव्वातीन लाख बँकेत ठेवलेत तर महिन्याला साधारण १,९०० रुपये सुटतील. टर्नटेबलवर १ लाख ८० हजार घातलेत तर महिन्याचं १,०५० रुपये व्याज बुडेल. यातल्या कुठल्याच रकमेने तुमचं म्हातारपण सुधरत नाही की बिघडत नाही. पैशाची निकड असती तर मी विका म्हणाले असते आणि पत्र इथेच संपलं असतं. निकड नाही, म्हणून घाईही नको. पंधरा दिवसांची मुदत ही डीलरची गरज आहे, तुमची नव्हे.

आता 'गुंतवणूक' या शब्दाबद्दल. तो शब्द तुम्ही स्वतःची समजूत घालायला वापरताय, असं मला पत्र वाचताना वाटलं. रेकॉर्डला व्याज नाही, लाभांश नाही, आणि गरज पडेल त्या दिवशी गिऱ्हाईक मिळेलच असंही नाही. ऑनलाइन दिसतो तो भाव विकणाऱ्याने मागितलेला असतो. कुणी दिलेला असतोच असं नाही. डीलरला दुकान, साठा आणि वाट पाहणं परवडायचं असतं, म्हणून तो तुम्हाला त्या भावाच्या बराच खाली देणार, आणि त्यात त्याची लबाडी नाही. शिवाय खरा भाव मोजक्या नगांना असतो: पहिली आवृत्ती, कव्हर शाबूत, ओरखडा नाही, आणि पुन्हा कधी निघाली नाही अशी. आमिर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी किंवा किशोरीताईंची 'सहेला रे' ही ऐकायला अमोल आहेत, पण तेच गाणं पुढे कॅसेटवर, सीडीवर आणि आता फोनवर आलं. भाव दुर्मीळतेला मिळतो, गाण्याच्या उंचीला मिळत नाही. म्हणून निवृत्तीच्या हिशेबात या संग्रहाची किंमत शून्य लिहा. पुढे काही मिळालं तर वरकमाई.

डीलरशी बोलताना एकच गोष्ट करा. ठोक भाव बाजूला ठेवून त्याला ७८ च्या तबकड्यांचा, एलपींचा आणि विकतच्या कॅसेटचा असे तीन वेगळे भाव लेखी द्यायला सांगा. त्याचा डोळा कशावर आहे हे लगेच कळेल. माझा अंदाज, वडिलांच्या २१० तबकड्यांवर आणि चाळीसपन्नास एलपींवर. बाकीचं तो भाजीवरच्या कोथिंबिरीसारखं नेतोय. त्याच्याशिवाय दुसरं मतही घ्या. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था आहे. तिथल्या जाणकारांना दुर्मीळ काय आणि सामान्य काय हे नुसत्या लेबलवरून कळतं.

तबकड्या मात्र विकायला माझी हरकत नाही, आणि हे मी मिरजेच्या माणसाला लिहितेय याची मला जाणीव आहे. मिरजेतच राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ज्या गावात घरोघरी वाजली असेल त्या गावातून तबकड्या बाहेर जाव्यात, हे जड आहे. पण त्या लाखेच्या, हातातून पडली की फुटणाऱ्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. वाजवायला ७८ चा वेग असलेलं यंत्र आणि जाड टोकाची वेगळी सुई लागते. एलपीची सुई त्या खाचेत नीट बसतच नाही. तुम्हीच लिहिलंय की २००३ नंतर त्या वाजल्या नाहीत. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० साली निघालेल्या रेकॉर्डवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२० ला संपला. त्यामुळे त्या काळातलं पुष्कळ गाणं संग्राहकांनीच नेटवर मोकळं करून ठेवलंय. वडिलांच्या हस्ताक्षरातली पाकिटं असतील तेवढ्या दहाबारा ठेवा, बाकीच्या जाणत्या हातात जाऊ द्या.

आता मुलाचं म्हणणं, 'सगळं मिळतं.' त्याचं निम्मं खरं आहे, आणि ते निम्मंही थोडं नाही. स्ट्रीमिंगला वर्षाला दोन हजार धरू, दरवर्षी ६ टक्के वाढ धरू, तरी वीस वर्षांत साधारण ७४ हजार होतात. तुमच्या मनातल्या टर्नटेबलच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्यात जे गाणं मिळतं त्यासाठी तुमच्या पिढीने मुंबईतल्या ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्डच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं.

पण स्ट्रीमिंग हे भाड्याचं घर आहे, हे मुलाला सांगा. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं. एचएमव्ही या जुन्या रेकॉर्ड कंपनीचा सगळा खजिना आज सारेगामा कंपनीकडे आहे. दोघांचा करार जमला नाही, सारेगामा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि ती गाणी स्पॉटिफायवरून उतरली. २०२० मध्ये करार झाला तेव्हा परत आली. मधल्या काळात वर्गणी भरणाऱ्याने काय करायचं? काही नाही, कारण त्याच्या मालकीचं तिथे काहीच नव्हतं. २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिक हे आपलं गाण्यांचं अॅप गुंडाळायला घेतलं. तिथे वर्षानुवर्षं याद्या रचणाऱ्यांना दुसरं दार शोधावं लागलं.

दुसरी अडचण आपल्या संगीताचीच आहे. ही यंत्रणा तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी बेतलेली. गाणं ३० सेकंद वाजलं की एक 'ऐकणं' मोजलं जातं. मग तो सिनेमातला मुखडा असो की पन्नास मिनिटांचा विलंबित ख्याल, मोल एकच. त्यात स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या ट्रॅकला मानधनच नाही. आता सांगा, कुणा जुन्या जयपूर घराण्याच्या गायिकेचा खट किंवा रायसा कानडा असा राग स्वच्छ करून चढवण्यात कंपनीला काय रस असणार? जे चढतं तेही कसंबसं. रागाच्या नावाची स्पेलिंगं चार तऱ्हांची, तबल्यावर कोण, पेटीवर कोण याचा पत्ता नाही, विलंबित एकीकडे आणि द्रुत दुसऱ्याच अल्बममध्ये. फुकटच्या योजनेत तर सम येता येता साबणाची जाहिरात. एलपीच्या मागच्या कव्हरावर ही सगळी माहिती छापलेली असते. मी स्वतः महिन्याची वर्गणी भरते, रोज ऐकते, आणि तरीही शोधायला बसले की चिडते.

म्हणून एक काम सुचवते. विक्रीचा निर्णय घेण्याआधी तीन महिन्यांची वर्गणी घ्या. रोज संध्याकाळी दहा एलपी काढा आणि त्यातली प्रत्येक एलपी अॅपवर शोधा. तेच ध्वनिमुद्रण हवं, त्याच गायकाचा तोच राग नुसता असून चालणार नाही. वहीत दोन खुणा करा : मिळाली का, आणि गेल्या दोन वर्षांत मी ही लावली का. ६४ संध्याकाळी लागतील. जी मिळत नाही ती ठेवा. जी तुम्ही खरंच लावता ती मिळत असली तरी ठेवा. माझ्या मते हा गठ्ठा शंभर ते दीडशेचा निघेल. मीटरभर फळीत अडीचशे-तीनशे एलपी उभ्या मावतात, म्हणजे पुण्याच्या फ्लॅटमध्ये अर्ध्या मीटरची जागा पुरेल. घरच्यांनाही ती जड होऊ नये. आडव्या रचू नका, वाकतात. ही वही मात्र जपून ठेवा. संग्रह विकताना, वाटताना किंवा दान देताना यादी असलेल्याला भाव मिळतो. नसलेला ढिगाच्या भावाने जातो.

दीडशे एलपींसाठी १ लाख ८० हजारांचा संच मला पटत नाही. घरात आहे तो टर्नटेबल चांगल्या कारागिराला दाखवा, पट्टा बदला, आणि सुईवर हात आखडू नका. झिजलेली सुई गाणं तर बिघडवतेच, खाचही कायमची खरवडते. सगळं मिळून ४०-४५ हजारांची मर्यादा घाला. त्यातून उरलं तर स्पीकरला द्या, कारण स्ट्रीमिंगही त्यातूनच ऐकायचंय.

आता त्या ३५ कॅसेटकडे येते. तुम्ही त्या यादीत शेवटी लिहिल्यात, डीलरने त्या फुकट धरल्यात, आणि माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रात खरी संपत्ती तेवढीच आहे. मला हे शिकवणारा प्रसंग माझ्याच घरातला आहे. मामा गेल्यावर आम्ही भाचरांनी त्याचा संग्रह एका ओळखीच्या व्यापाऱ्याला ठोकात दिला, पैसे वाटून घेतले आणि हलके झालो. वर्षभराने मामी म्हणाली, त्या खोक्यात घरच्या बैठकीची टेप होती, त्यात मामा मागे तानपुऱ्यावर होता आणि मधे एकदा त्याचा 'क्या बात है' ऐकू यायचा. व्यापाऱ्याकडे गेलो तर त्याने कोऱ्या समजून त्या कॅसेट केव्हाच देऊन टाकल्या होत्या. त्याची चूक नव्हती. आम्हीच यादी केली नव्हती.

चुंबकीय फीत म्हातारी होते, बुरशी धरते, चिकटते. तुमच्या काही कॅसेट १९८०च्या दशकातल्या आहेत, म्हणजे चाळिशीला आलेल्या. रेकॉर्ड एकवेळ आणखी पन्नास वर्षं वाट पाहील, फीत पाहणार नाही. सांगलीच्या स्टुडिओने कॅसेटमागे ३५० रुपये सांगितलेत. ३५ चे १२,२५० होतात. सगळ्या व्यवहारात मी डोळे झाकून करा म्हणेन असा हा एकच खर्च. त्यांना मूळ फाइल कुठलीही कात्री न लावता द्यायला सांगा, 'आवाज स्वच्छ' करण्याच्या नादात तानपुरा पुसला जातो. दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक मुलाकडे. स्वतःसाठी जपायला अडचण नाही. पण यूट्यूबवर टाकू नका, कलाकाराचे आणि वारसांचे हक्क असतात. लोकांपर्यंत पोचावं असं वाटत असेल तर एखाद्या अभिलेखागाराशी बोला. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ मध्ये स्थापन झालेलं केंद्र आहे, कोलकात्याला आयटीसी संगीत रिसर्च अकादमी आहे. अटी लेखी घ्या.

एलपींचंही डिजिटायझेशन करावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. सगळ्यांचं नको. एलपी वाजायला लागते तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो; ६४० एलपी, प्रत्येकी चाळीस मिनिटं, म्हणजे चारशेहून जास्त तास. कुठेच न मिळणाऱ्या वीसपंचवीस उतरवा.

पैसे घेताना मात्र सांभाळा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होतो. तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. तुकडे करून घेऊ असं डीलर म्हणेल. एकाच व्यवहाराचे तुकडेही एकच धरले जातात. बँकेतून घ्या. स्वतःच्या वापरातल्या वस्तू विकल्या तर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही. चित्रं, शिल्पं, दागिने यांना ही सवलत नाही. रेकॉर्ड घरगुती वापरातल्या वस्तूंत बसतात असं मी मानते, तरी विवरणपत्र भरताना सीएला एकदा विचारा. मृत्युपत्रात संग्रहाचं एक वाक्य घाला. रेकॉर्ड वारसाला देता येतात, स्ट्रीमिंगचं खातं वर्गणी थांबली की संपतं.

डीलरला उद्याच कळवा की तुम्ही रेकॉर्ड केलेल्या ३५ कॅसेट विक्रीत नाहीत आणि बाकीचे भाव वेगवेगळे हवेत. आणि मार्चमध्ये सामानाचा ट्रक निघेल तेव्हा त्या ३५ कॅसेट त्यात चढवू नका. टपाखाली उन्हात फीत तापते. पिशवीत घालून गाडीत स्वतःजवळ ठेवा, स्पीकरच्या चुंबकाशेजारी मात्र नको.